मावशीच्या पायाचा क्लेम कुणाकडं मागायचा? (तुळजापूर रस्ता, उसाची ट्रॉली)

जोडभावी_मंदार
९ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण अर्धं सांगितलं तर सल्लाही अर्धाच मिळेल, म्हणून सगळंच लिहितो.

२८ डिसेंबरला देवीचं दर्शन घेऊन तुळजापूरहून सोलापूरला परत येत होतो. गाडी माझी, चालवायला मीच. मागे आई आणि मावशी. दोघी बहिणी बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या, गप्पा मारायच्या म्हणून मागेच बसल्या. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. त्या सीटचं आता जे झालंय ते बघितलं की हात थरथरतात.

रात्रीचे पावणेनऊ. हद्द अजून धाराशिव जिल्ह्याचीच. डाव्या लेनमध्ये निम्मी आत, निम्मी बाहेर अशी उसाची ट्रॉली उभी होती. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागचीचा टायर फुटलेला. रिफ्लेक्टर नाही, लाल कापड नाही, मागे दगड-फांद्या काही नाही. दिसली तेव्हा ब्रेक मारूनही उपयोग नव्हता. गाडीची डावी बाजू ट्रॉलीखाली गेली.

मला छातीला मुका मार, आईच्या कपाळाला चार टाके. मावशी डावीकडे बसलेली. तिची उजवी मांडी मोडली आणि डावं मनगटही. १०८ ने सिव्हिलला नेलं, दुसऱ्या दिवशी खाजगी दवाखान्यात हलवलं. मांडीत रॉड घातलाय. बिल २ लाख ३० हजार.

मावशी ५२ वर्षांची. काका जाऊन अकरा वर्षं झाली. नीलम नगरात भाड्याच्या दोन खोल्या, घरात पायाची मशीन, शाळेच्या युनिफॉर्मची शिलाई डझनाच्या भावानं करते. लेक पुण्यात नोकरीला.

आता मूळ गोष्ट. गेले बारा दिवस मी गाडीच्या मागं आहे. गॅरेज, सर्व्हेअर, एस्टिमेट, क्लेम फॉर्म, रोज चार फोन. मावशीच्या पायासाठीही कुठं क्लेम असू शकतो हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. चौथ्या दिवशी ट्रॅक्टरमालक दोन वडीलधाऱ्यांना घेऊन दवाखान्यात आला तेव्हा पहिल्यांदा आलं. माणूस वाईट नाही, स्वतःच कर्जात आहे. ५०० च्या स्टँपवर टाईप करून आणलंय की अपघात नजरचुकीनं झाला, औषधपाण्याला १५,००० मिळाले, यापुढे कोणाकडेही कसलीच मागणी करणार नाही. आई म्हणते सही करून टाक. ठाण्यात मला सांगितलंय की धडक मागून आहे, म्हणजे गुन्हा तुमच्यावरच. आणि मावशी एकच वाक्य धरून बसलीय: ‘माझ्यापायी पोरावर केस नको.’

कागद माझ्या खिशात आहे. उद्या ते लोक परत येतील. सही घ्यायची का?

बाळे_शिवा
१० जानेवारी, सकाळी ७:०५

मालक, मिटवून टाका की. माझ्या मामाचं प्रकरण सात वर्षं झाली, अजून तारखाच पडायलेत. ऊसवाला काय देणार तुम्हाला? दोन एकर विकून देणार का? जे देतोय ते घ्या, मावशीला आराम पडू द्या. तुमच्यावर गुन्हा पडला तर उद्या नोकरीला, पासपोर्टला अडचण. मनापासून सांगायलोय.

सर्व्हेअर_काका
१० जानेवारी, सकाळी ८:३०

मंदार, सही करू नका. आज कुणी आलं तर चहा पाजा आणि परत पाठवा.

३१ वर्षं मोटार सर्व्हे केले, आता घरी असतो. या ३१ वर्षांत जे सगळ्यात जास्त वेळा पाहिलं तेच तुमच्याकडे झालंय. माणूस दवाखान्यात आणि घरचे गॅरेजमध्ये. यात तुमची चूक नाही. गाडीच्या क्लेमसाठी कंपनी स्वतः फोन करते, फॉर्म देते, माणूस पाठवते. मोडलेल्या मांडीसाठी कुणीच फोन करत नाही. ते आपल्याला मागावं लागतं आणि तेही वेगळ्या दारात.

गाडीचं थोडक्यात सांगतो, कारण ते होऊनच जाईल. रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतील, झिरो डेप (घसारा न कापणारं जास्तीचं कव्हर) घेतलं असेल तर नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १,००० तुमचे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला तर टोटल लॉस. नो क्लेम बोनस जाईल. बस, एवढंच.

आता माणसांचं. तुमच्या पॉलिसीच्या पहिल्या पानावर काय छापलंय ते मला शब्दशः लिहून पाठवा. ‘पॅकेज’ किंवा ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ आहे, का ‘लायबिलिटी ओन्ली’? मावशीचं सगळं या एका शब्दावर आहे. ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो त्या नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत खाजगी गाडीत फुकट बसलेला माणूस येत नाही. रस्त्यावरचा येतो, समोरच्या गाडीतला येतो, आपल्याच मागच्या सीटवरचा येत नाही. पॅकेज पॉलिसीत मात्र येतो. विमा नियामकानं २००९ च्या नोव्हेंबरात सगळ्या कंपन्यांना तसं कळवलं आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं बालकृष्णन प्रकरणात त्यावर शिक्का मारला. तरीही आजसुद्धा पंधरा वर्षं पॉलिसी विकणारे एजंट ‘घरच्या माणसांना मिळत नाही’ असं सांगतात. मावशी विमेदार नाही, गाडीची मालक नाही. कायद्याच्या नजरेत ती तुमच्या गाडीतली प्रवासी आहे, तुमची नातेवाईक असण्याचा इथे संबंध नाही.

१५ लाखांचं जे पीए (वैयक्तिक अपघात) कव्हर असतं ते मालक-चालकाचं, म्हणजे तुमचं. तेही मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला. तुमच्या मुक्या माराला त्यातून काही मिळायचं नाही. पॉलिसीत अननेम्ड पॅसेंजर पीएचा, म्हणजे नाव न लिहिलेल्या प्रवाशांच्या अपघात कव्हरचा, वेगळा प्रीमियम भरलाय का तेही बघा.

अ‍ॅड_वैशाली
१० जानेवारी, सकाळी ९:१५

काकांच्या पहिल्या वाक्याला माझी सही. त्या कागदामुळे दावा बुडतोच असं नाही, पण समोरचा वकील फाईल उघडल्यावर पहिला तोच कागद बाहेर काढतो आणि मग अर्धी उलटतपासणी त्याच्यावरच खर्ची पडते. ‘कोणाकडेही’ हा शब्द नीट बघा, मंदार. त्यात तुमची विमा कंपनीसुद्धा आली.

गुन्हा नोंदवायचाच नाही हा विचार आधी सोडा. नोंद नाही तर पंचनामा नाही, आरटीओची तपासणी नाही, आणि ट्रॉली रस्त्यात उभी होती याचा पुरावाही नाही. हाड मोडणं ही कायद्याच्या व्याख्येत गंभीर दुखापत आहे. तुमच्यावर भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५(ब) लागतील. जामीनपात्र आहेत. ट्रॅक्टर धोकादायक रीतीनं उभा केल्याबद्दल त्या चालकावरही मोटार वाहन कायद्याचं १२२ आणि संहितेचं २८५ लागू शकतं, पण ते कुणीतरी ठाम सांगितलं तरच कागदावर येईल. मावशी स्वतः जखमी साक्षीदार आहेत. त्यांचा जबाब झालाय का?

अपघात धाराशिव हद्दीत झाला म्हणून तिकडे हेलपाटे घालायची गरज नाही. अर्जदार जिथे राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, म्हणजे सोलापुरात. मुदत अपघातापासून सहा महिने, ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तिला दिलेलं आव्हान सुप्रीम कोर्टापुढे आहे, पण तुम्ही सहा महिनेच धरून चाला. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्याची प्रत मागा. लेखी मागा आणि पोच घ्या.

रेणुका_बार्शी
१० जानेवारी, दुपारी २:२०

मंदार दादा, ‘पोरावर केस नको’ हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय, म्हणून लिहिते.

२०२१ ला कुर्डुवाडीहून येताना आमची गाडी नाल्यात गेली. समोर कोणी नाही, रस्त्यात कुत्रं आलं, यांनी वळवली आणि गेली. सासूबाईंच्या कंबरेचं हाड मोडलं. दोष म्हणाल तर यांचाच. वकिलांनी सांगितलं की सासूबाई अर्जदार, तुमचे मिस्टर सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध अर्ज तो) नंबर १ आणि कंपनी नंबर २. सासूबाई तीन दिवस जेवल्या नाहीत. ‘ज्या पोरानं मला उचलून दवाखान्यात नेलं त्याच्याविरुद्ध मी कोर्टात उभी राहू?’ जाऊबाईंनी तर गावभर केलं की यांच्या घरात आईनं मुलावर केस टाकली.

पैसे कंपनीनं भरले. यांच्या खिशातून एक रुपया गेला नाही. लायसन्स चालू होतं, पॉलिसी चालू होती, प्यालेले नव्हते, मग कंपनीला भरावेच लागले. ज्याच्यासाठी आपण दरवर्षी हप्ता भरतो ते हेच. सामनेवाला म्हणून नाव लिहिल्याशिवाय कंपनीपर्यंत वाटच जात नाही.

पण खोटं बोलत नाही, नोटीस घरी आली तो दिवस वाईट होता. यांचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली सासूबाईंचं. आधीच बसून बोलून घ्या. आम्ही बोललो नव्हतो.

बाळे_शिवा
१० जानेवारी, संध्याकाळी ६:५०

काका, वैशाली मॅडम, मला हे म्हाईत नव्हतं. मामाच्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं. मंदार मालक, माझा सकाळचा सल्ला मागं घेतो.

जोडभावी_मंदार
१३ जानेवारी, रात्री १०:१०

उशीर झाला, गड्ड्याच्या (सिद्धेश्वर जत्रेच्या) गर्दीत रस्ते बंद आहेत, दवाखान्यातून घरी यायलाच तास जातो. सगळ्यांचे आभार. सही केली नाही. ट्रॅक्टरमालक परत आला होता, त्याला हात जोडून सांगितलं की पैसे नकोत, भांडणही नको, जे होईल ते कायद्यानं होऊ दे. तो शांतपणे गेला.

पॉलिसी काढली. ‘प्रायव्हेट कार पॅकेज पॉलिसी’. काका, तो शब्द बघून मी खुर्चीत बसलो. ऑगस्टमध्ये रिन्यू करताना गाडी नऊ वर्षं जुनी झाली म्हणून थर्ड पार्टीच घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. सहा हजारांचा फरक होता. आईनं ‘गेल्या वर्षी होतं तेच घे’ म्हटलं म्हणून घेतलं. तिला पॉलिसीतलं काहीच कळत नाही.

आणि दुसरी बातमी. ट्रॅक्टरचा नंबर अ‍ॅपवर टाकला. विमा जूनमध्येच संपलाय. ट्रॉल्यांचं तर काही दिसतच नाही.

मावशीच्या लेकीच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत, त्यातून १ लाख ४० हजार मंजूर झाले. मग आता तेवढे कोर्टात मागता येणार नाहीत ना?

अ‍ॅड_वैशाली
१३ जानेवारी, रात्री ११:००

मागता येतात. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं याच प्रश्नावर निकाल दिला की मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. तो हप्ता भरल्याचा मोबदला आहे, चूक करणाऱ्याला त्याचा फायदा कशाला? मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांनी ठेवून घेतली असतील तर दवाखान्याकडून शिक्का मारलेल्या प्रती घ्या.

ट्रॅक्टरचा विमा नाही हे तुमच्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं वळण आहे. मावशी प्रवासी आहेत, त्यांचा स्वतःचा काही दोष नाही. दोन वाहनांच्या चुकीतून तिसऱ्याला इजा झाली तर त्याला संयुक्त निष्काळजीपणा म्हणतात. अशा वेळी जखमी माणूस पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतो, सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये खेनेई प्रकरणात हे स्पष्ट केलंय. म्हणजे ट्रॅक्टरमालकाकडे काही नसलं तरी तुमची कंपनी मावशींना सगळी रक्कम देईल आणि ट्रॅक्टरचा वाटा त्याच्याकडून नंतर वसूल करत बसेल. (तुम्ही स्वतः दावा केलात तर मात्र तुमच्या दोषाइतका भाग कापला जाईल.) दोन्ही वाहनांचे मालक, चालक, तुमची कंपनी, सगळ्यांना पक्षकार करा.

पण हे केव्हा? तुमच्याही बाजूनं काही चूक होती असं ठरलं तर. सगळा दोष ट्रॅक्टरचाच ठरला तर तुमची कंपनी मोकळी आणि मावशींच्या हातात फक्त एका कर्जबाजारी माणसाविरुद्धचा निकाल. तुम्ही जबाबात काय सांगितलंय?

जोडभावी_मंदार
१९ जानेवारी, रात्री १:२५

सहा दिवस उत्तर दिलं नाही. वैशालीताईंचा प्रश्न वाचल्यापासून झोप नाही.

जबाबात मी सांगितलं की मी साठच्या वेगानं, समोर बघून चालवत होतो आणि ट्रॉली अचानक दिसली. तसं नव्हतं. ऐंशीच्या आसपास होतो. आणि त्या क्षणी आईनं मागून पेढ्याचा पुडा पुढं केला होता, मी मान वळवून एका हातानं तो घेत होतो. किती वेळ? दोन सेकंद असतील. मान सरळ केली तेव्हा ट्रॉली समोर होती. हे मी कोणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आईला तर सांगूच शकत नाही, ती पुडा तिच्या स्वतःच्याच हातून पडला असं समजते.

खोटं मी माझ्या बचावासाठी बोललो. आता कळतंय की ते खोटं मावशीच्या पायावर उभं आहे. काय करू?

अ‍ॅड_वैशाली
१९ जानेवारी, सकाळी ८:४०

मंदार, हे लिहिलंत ते बरं केलंत, पण इथे आणखी काही लिहू नका. वकील म्हणून आधी तेच सांगते. तुम्ही आरोपी आहात, स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कायदा कुणावर करत नाही. म्हणून पुढचं पाऊल एकट्यानं टाकू नका. स्वतःसाठी फौजदारी वकील बघा. मावशींसाठी दुसरा. एकच वकील दोघांना नको. घर एक असलं तरी या प्रकरणात तुम्ही दोघं समोरासमोर आहात, आणि तुमची काळजी करणारा वकील मावशींची पूर्ण काळजी करू शकणार नाही.

जबाब बदलायचा तो फक्त खरं सांगण्यासाठी. दावा वाढावा म्हणून दोष अंगावर घेणं आणि घडलं ते सांगणं यात फरक आहे, कंपनीचा तपासनीस नेमका तिथेच बोट ठेवतो. तो घरी येईल, गोड बोलेल, छापील कागदावर मावशींची सही मागेल. वाचल्याशिवाय द्यायची नाही.

मावशींनी पट्टा लावला होता का? मागच्या सीटलाही तो सक्तीचा आहे. नव्हता तर नव्हता म्हणा. कंपनी काही टक्के कमी करा म्हणेल, न्यायाधिकरण ठरवेल.

सर्व्हेअर_काका
१९ जानेवारी, सकाळी १०:०५

बाळा, दोन सेकंद प्रत्येकाचे जातात. माझेही गेलेत, माझ्यासमोर फक्त ट्रॉली नव्हती. पुरवणी जबाब देता येतो. वकिलाला घेऊन जा आणि दे.

होटगी_रोड_सुनंदा
१९ जानेवारी, दुपारी १२:३०

मी दवाखान्यात समाजसेवा विभागात काम करते, माझ्या कामाचं एक सांगते. मावशींना खाजगीत हलवलंत तेव्हा सिव्हिलची एमएलसीची (पोलिसांशी संबंधित केस म्हणून दवाखान्यानं केलेली) नोंद, पहिला एक्स-रे, केसपेपर घेतलेत का? नसेल तर आत्ता रीतसर अर्ज करून घ्या, दोन वर्षांनी शोधत बसावं लागतं. अपघाताची वेळ आणि ‘वाहन अपघात’ हा शब्द पहिल्या कागदावर असणं फार मोलाचं. घरी पडून मोडलं असा बचाव मी होताना पाहिलाय.

सगळ्यांसाठी: मे २०२५ पासून केंद्राची रस्ता अपघात कॅशलेस योजना आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंतचे उपचार नेमलेल्या दवाखान्यात, गाडीचा विमा असो नसो. ११२ ला फोन करून जवळचा नेमलेला दवाखाना विचारायचा. मंदार दादांना हे त्या रात्री कोणी सांगितलं असतं तर पहिल्या आठवड्याचा मोठा भाग वाचला असता, म्हणून लिहिते.

अकलूज_एक्सप्रेस
२० जानेवारी, सकाळी ९:५०

मध्येच विचारतो, माफ करा. भावाला मोहोळजवळ अज्ञात वाहनानं उडवलं, गाडी सापडली नाही. पाय फ्रॅक्चर. त्याला काहीच नाही का?

अ‍ॅड_वैशाली
२० जानेवारी, सकाळी १०:३०

आहे. वाहन सापडलंच नाही तर गंभीर दुखापतीला ५०,००० आणि मृत्यूला २ लाख. अर्ज न्यायाधिकरणात नाही, प्रांत किंवा तहसीलदारांकडे. नोंदलेला गुन्हा आणि दवाखान्याचे कागद लागतील. रस्त्यावरचे ढाबे, पेट्रोल पंप, टोलनाक्याचे कॅमेरे पोलिसांना तपासायला लावा, चित्रण फार दिवस राहत नाही. गाडी सापडली तर पूर्ण भरपाईचा मार्ग उघडतो.

जोडभावी_मंदार
२२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

महिनाभराचं सांगतो.

पुरवणी जबाब दिला. वकील सोबत होते. गुन्हा माझ्यावर आणि ट्रॅक्टरचालकावर, दोघांवर आहे. आईला पेढ्याच्या पुड्याचं मीच सांगितलं. त्याबद्दल इथे लिहिणार नाही.

मावशीसाठी वेगळ्या वकील बघितल्या. एक जण टक्क्यावर घेतो म्हणाला होता, निकालाच्या २५ टक्के, त्याला नाही म्हटलं.

आता अडलंय ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. मावशीला पगार नाही, पावती नाही, बँकेत काही येत नाही. व्यापारी रोख देतो. महिन्याला बारा हजारांच्या आसपास पडायचे. कंपनी म्हणेल ही गृहिणी, कमाई शून्य. आणि डॉक्टर म्हणतात सर्टिफिकेटवर फार तर २० टक्के अपंगत्व येईल. पण त्या उजव्या पायानं ती मशीन चालवते हो. गुडघा पूर्ण वळत नाही.

अ‍ॅड_वैशाली
२२ फेब्रुवारी, रात्री १०:४५

टक्क्यावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत बंदी आहे, तो सौदा नाकारलात ते योग्य. वाचणाऱ्या बायकांसाठी सांगते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

गृहिणीचं उत्पन्न शून्य हा युक्तिवाद कधीच मेला आहे, घरकामालाही न्यायालयं पैशात मोजतात. मावशी तर त्याच्या वर कमावत होत्या.

२० टक्क्यांवर थांबू नका. डॉक्टरांचा आकडा अवयवाचा असतो, न्यायाधिकरणाला बघायचा असतो कमाईवरचा परिणाम. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये राजकुमार प्रकरणात हे नीट उलगडून सांगितलंय. बसून हिशेब लिहिणाऱ्याचा गुडघा आणि पायानं मशीन मारणाऱ्या बाईचा गुडघा एकाच मापानं मोजत नाहीत. डॉक्टरांना साक्षीला बोलावून ‘या बाई पायाची मशीन आठ तास चालवू शकतील का’ हा प्रश्न विचारावाच लागेल.

हिशेब असा बसतो. महिना १२,००० धरले, ५० ते ६० वयाच्या स्वयंरोजगारी माणसाला भविष्यातल्या वाढीचे १० टक्के, म्हणजे १३,२००. वर्षाचे १,५८,४००. ५१ ते ५५ वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणायचं तो आकडा) ११, तो सरला वर्मा निकालापासून चालत आलाय. झाले १७,४२,४००. परिणाम २० टक्के धरला तर ३,४८,४८० आणि ३० टक्के मान्य झाला तर ५,२२,७२०. दहा टक्क्यांत पावणेदोन लाखांचा फरक. याच्यावर दवाखान्याचं बिल, अंथरुणावरच्या महिन्यांची बुडालेली कमाई, मदतनीस, प्रवास, वेदना, पुढे रॉड काढायचा खर्च आणि अर्जाच्या तारखेपासून व्याज. लोकअदालतीत कंपनी मिटवायला बसवेल. तिथं ठरलं की अपील नाही, म्हणून हा हिशेब हातात असल्याशिवाय बसू नका.

उत्पन्नाला व्यापाऱ्याची साक्ष मिळेल का? निदान एखादी वही?

जोडभावी_मंदार
१ मार्च, संध्याकाळी ७:१५

वही आहे! एक नाही, नऊ. मावशी सातवी शिकलेली. काका गेल्यापासून प्रत्येक शनिवारी लिहिते. तारीख, हाफ पँट किती डझन, फ्रॉक किती, भाव, मिळाले, बाकी. मळकी, पुठ्ठा निघालेली वही, बाकीच्या खाली व्यापाऱ्याच्या मुनिमाच्या बारीक सह्या. शेवटची नोंद २७ डिसेंबर, हाफ पँट ४ डझन, बाकी ६४०. व्यापारी आधी टाळत होता, जीएसटीची भीती. मावशी स्वतः वॉकर घेऊन रिक्षातून त्याच्या दुकानात गेली. काय बोलली माहीत नाही. तो साक्षीला येतो म्हणालाय.

रेणुका_बार्शी
१ मार्च, रात्री ८:००

वह्या तिच्या वकिलांकडे मूळ देऊन पोच घ्या आणि घरी झेरॉक्स ठेवा. नऊच्या नऊ.

आणि घरात बोलणं झालं का, दादा?

जोडभावी_मंदार
१४ मार्च, रात्री १०:२०

झालं. आज अर्ज दाखल झाला. सहीच्या आधी मावशीनं वकीलबाईंना सगळा अर्ज वाचून दाखवायला लावला. माझ्या नावापाशी आल्यावर थांबवलं. ‘हे असंच लिहावं लागतंय का?’ असं दोनदा विचारलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मावशी, खरं तेच लिहिलंय. तिनं सही केली, हळूहळू, पूर्ण नाव.

नोटीस आठ-दहा दिवसांत येईल. ती त्याच दिवशी कंपनीला ईमेलनं पाठवून पोच घेणार आहे. बेलिफ येईल तेव्हा मीच घरी थांबणार, आईच्या हातात ती पडू द्यायची नाही.